साळोबांची बरणी

एका जंगलात, बाळांनो, पिनकोड यायच्या आधीच पार्सल आलं होतं. कसं आलं ते विचारू नका. मध्येच प्रश्न विचारणाऱ्याला पुढची गोष्ट मिळत नाही.

तिथे साळोबा राहायचे. साळोबा म्हणजे साळिंदर. पाठीवर वीतभर, दोन्ही टोकांना अणकुचीदार काटे, आणि स्वभाव असा की मुंगी आडवी आली तरी थांबून तिला वाट द्यायचे.

त्यांची लेक बोरी नदीपलीकडच्या जंगलात दिलेली. तिला दिवस गेले आणि टिटवीबरोबर तिचा निरोप आला, "बाबा, बाकी काही नको. आईच्या हातचं लोणचं खावंसं वाटतंय."

आई तर गेल्या उन्हाळ्यात गेली होती. जाताना कैरीचं लोणचं घालून गेली, चिनी मातीच्या दोन बरण्या भरून. साळोबांनी त्यांना अजून हात लावला नव्हता. रोज नुसतं फडकं फिरवायचे.

आता नदीवर पूल नव्हता. फांद्या होत्या, म्हणून पार्सलचं काम वानरांकडे होतं. आणि बांधाबांध करायला सुगरणबाईचं दुकान होतं. विणायचा सगळं तिचा नवरा, पण पाटीवर नाव बाईंचं.

"तुम्ही बाहेरच बसा, साळोबा," सुगरणबाई म्हणाली. "मागच्या वेळी माझा अर्धा कापूस पाठीला लावून गेलात."

साळोबा निमूट बाहेर बसले. बाईंनी बरणीच्या तोंडाला दुहेरी दादरा बांधला. खाली शेवरीचा कापूस, वर शेवरीचा कापूस, चारी बाजूंनी गवत, त्यावर खोकं, त्यावर काथ्या. आणि वर ठसठशीत अक्षरांत लिहिलं : 'नाजूक. कृपया जपून न्या.'

"हत्ती बसला तरी काही होणार नाही," ती म्हणाली.

हत्ती बसलाच नाही. चार दिवसांनी बोरीचा निरोप आला. "बाबा, काथ्या फार सुरेख बांधला होता. आत लोणच्यात ठिकऱ्याच ठिकऱ्या होत्या. मी बोट बुडवून नुसता वास घेतला."

साळोबा तडक पार्सल कचेरीत गेले. कचेरी म्हणजे नदीकाठचं उंबराचं झाड. तिथे त्यांनी जे पाहिलं ते नीट ऐका.

एक खोकं आलं. पहिल्या वानराने वाचलं, 'नाजूक'. त्याचा चेहरा पडला. "आपल्या हातात फुटायला नको बाबा," म्हणत त्याने ते दुसऱ्याकडे फेकलं. दुसऱ्याने वाचलं आणि आणखी जोरात तिसऱ्याकडे. जातं आणि पाटा मात्र सगळे आरामात कडेवर घेऊन चालले होते. त्यांच्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं ना.

झाडाच्या शेंड्यावर हुप्पेसाहेब बसले होते. कचेरीचे मुख्य.

"साहेब, माझी बरणी फुटली," साळोबा म्हणाले.

"फुटली तेव्हा कोणाच्या हातात होती?"

"ते मी कसं सांगू?"

"मी सांगतो. कोणाच्याच नाही. हवेत होती." साहेबांनी शेपटी नीट गुंडाळून ठेवली. "हवा आमच्या खात्याकडे येत नाही."

बाळांनो, तुम्ही असता तर भांडला असता. साळोबांनी नमस्कार केला आणि ते घरी आले.

आता एकच बरणी उरली होती. बोरीचं डोहाळजेवण आठ दिवसांवर आलं होतं. पाठवली तर ही पण फुटणार, आणि न पाठवली तर लेक आईच्या चवीवाचून राहणार. साळोबांनी बरणी वेताच्या टोपलीत ठेवली, भोवती होत्या नव्हत्या तेवढ्या जुन्या चिंध्या कोंबल्या, झाकण शिवलं. मग टोपलीला पाठ टेकून बसले आणि बायकोच्या आठवणीने पोटभर रडले.

उठले तेव्हा वीस-पंचवीस काटे टोपलीत रुतून राहिले होते. ते हळहळले. माझा हात लागला की असंच व्हायचं, म्हणत एकेक काटा उपटायला लागले. तिसऱ्या काट्याला त्यांचंच बोट टोचलं.

साळोबा थांबले. बोटाकडे बघितलं. टोपलीकडे बघितलं. उपटलेले दोन काटे परत खोचले आणि टोपली फिरवून दुसऱ्या बाजूलाही पाठ टेकली.

सकाळी कचेरीत पहिल्या वानराने टोपली उचलली आणि "आई गं" करून अगदी अलगद खाली ठेवली.

"आत काय आहे हो?"

"फार काही नाही," साळोबा म्हणाले. "जरा टोचतं."

मग काय विचारता. दोन वानर पुढे, दोन मागे. टोपली चिमटीत धरलेली. "सावकाश रे, डावीकडचा काटा लांब आहे." "हिसका देऊ नकोस, माझा अंगठा आहे इथे." फेकायचं तर कोणाच्या मनातही आलं नाही, कारण पुढचा झेलायलाच तयार नव्हता. नवऱ्या मुलीला पाटावर नेतात तशी टोपली नदीपार गेली.

बोरीचा निरोप आला. "बाबा, बरणीला चराही नाही. सगळ्यांच्या आधी एक फोड मी खाल्ली. आई शेजारी बसल्यासारखं वाटलं." साळोबांनी तो निरोप टिटवीकडून तीनदा म्हणवून घेतला.

पुढे सुगरणबाईने पाटी बदलली : 'आत कापूस, बाहेर साळोबांचे अस्सल काटे.' आता ती साळोबांना दुकानात बसायला पाट देते. हुप्पेसाहेबांनी वर कळवलं की खात्याच्या दक्षतेमुळे नाजूक माल सुखरूप पोचतो आहे. त्यांचा सत्कार झाला. हार मात्र त्यांना लांबूनच घातला, कारण तोही पार्सलने आला होता.

तात्पर्य : दुसऱ्याच्या बरणीला कोणी जपत नाही, स्वतःच्या बोटांना सगळेच जपतात. म्हणून 'कृपया' लिहिण्यात शाई घालवू नये, सरळ काटे लावावेत. (परीक्षेत मात्र 'सर्वांनी एकमेकांच्या वस्तू जपाव्यात' असंच लिहा. गुण त्यालाच आहेत.)