जावयाला कांदा

धोंड्याच्या महिन्यातलं नव्या जावयाचं पहिलंच जेवण. देवळ्याच्या लंकाबाईंनी नाशिकहून आलेल्या कुंदनरावांचे पाय धुतले, तुपात बुडवून पुरणाचे धोंडे वाढले आणि ओसरीवर गादी टाकली. जावईबापू आडवे झाले. डोळा लागतो न लागतो तोच अख्खा देह टणकन उडाला आणि उशाचा तांब्या गडगडत अंगणात गेला.

"अगं बाई, फिट आली!" लंकाबाई ओरडल्या.

सासरे वाल्मीकराव धावले. बुक्कीनं कांदा फोडून त्यांनी जावयाच्या नाकाला लावला. तेवढ्यानं भागेना म्हणून पायातली चप्पल काढून तीही हुंगवली. कुंदनराव शिंकतच उठले.

"मामा, काय करताय? झोपलो होतो मी!"

"फिटवाले समदे असंच म्हणत्यात."

"बाबा, अहो रोज होतं त्यांना असं," प्रतिभा मधे पडली.

"रोज? मग पोरगी पाठवणार नाय मी! कोणी पसंत केलं हे स्थळ?"

"तुम्हीच की," लंकाबाई म्हणाल्या. "दुपारी तुम्ही हितंच पडले होते. मी इचारलं, करायचं का? तुम्ही मान हलवली."

"मी?" वाल्मीकरावांना काही केल्या आठवेना.

प्रतिभानं डोळे पुसत शेजारच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी तपासलं आणि ते हसायलाच लागले. "काही नाही हो! झोप लागताना अंग झटका देतं. कोणाचा पाय उडतो, कोणाची मान. सगळ्यांना होतं, ज्याचं त्याला कळत नाही."

"मला नाय होत," वाल्मीकराव म्हणाले. पण जीव भांड्यात पडला होता. "जाऊ द्या पोरीला," म्हणत ते भिंतीकडेला कलंडले.

लंकाबाईंच्या डोक्यात मात्र किडा वळवळू लागला. कोणाची मान? पोरांची नावं, घराचा रंग, प्रतिभाचं स्थळ, सगळं त्यांनी नवऱ्याला तो दुपारी पडल्यावरच विचारलं होतं. तीस वर्षं मान हलली की त्या उठून कामाला लागत. आता खरं काय ते बघावंच, म्हणून त्या जवळ सरकल्या. नवऱ्याचे डोळे मिटले, श्वास जड झाला.

"अहो," त्या हळूच म्हणाल्या, "दिवाळीला येवल्याची पैठणी घ्यायची ना मला?"

मान खाडकन हलली.

लंकाबाई पदर खोचून उठल्या. कुंदनराव अजून नाक पुसत होते.

"जावईबापू, बघितलं ना? मामा हो म्हणाले. तुम्ही साक्षीला हाय बरं का!"