पुढून कार, मागून कळप

"मनात आणलं तर अख्खं वालूर एका खेपेत सेलूला निऊन टाकीन!" चहाच्या हॉटेलात बसून शिवशंकर म्हणाला, आणि तिथेच त्याचे ग्रह फिरले.

माणसानं नवी गाडी घ्यावी, पेढे वाटावेत, लिंबू-मिरची बांधावी आणि गप्प बसावं. पण गप्प बसणं शिवशंकरला जन्मात जमलं नाही! वालुरात त्याचं सिमेंट-पत्र्याचं दुकान. माल आणायला वडिलांचा, म्हणजे तात्यारावांचा, जुना टेम्पो होता. दिसायला खटारा, पण ओझ्याला वाघ. तात्यारावांची उभी हयात त्याच्या स्टेअरिंगमागं गेलेली. आणि ह्या पठ्ठ्यानं काय करावं? परभणीला जाऊन बन्सीधर नावाच्या गाड्यांच्या दलालाला तो टेम्पो देऊन टाकला आणि बदल्यात एक पिकअप आणली! पुढून चकचकीत कार. एसी, गाणी, मऊ शिटा, सगळं. मागं डिकीच्या जागी मात्र उघडा हौदा. "दिवसा ट्रक, संध्याकाळी कार," असं बन्सीधर म्हणाला आणि शिवशंकर पाघळला.

तात्यारावांना त्यानं विचारलंही नव्हतं. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली, हौद्यात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "पुढून तहसीलदार, मागून हमाल! ह्याला ट्रक म्हणायलाय व्हय?"

त्यानंतर लेकाशी बोलणं बंद. बंद म्हणजे पार बंद! जेवताना सुनेला सांगायचे, "दैवशाला, त्याला म्हणावं, मीठ इकडं सरकव." मीठ शिवशंकरच्या मांडीला टेकलेलं असायचं आणि दैवशाला चुलीपाशी!

ह्या निरोप्याच्या कामाला दैवशाला इतकी वैतागली की शेवटी तिनंच तोड काढली. गाडीनं सोमवारच्या आत ट्रकासारखी एक खेप करून दाखवायची, ती तात्यांनी डोळ्यांनी बघायची. जमलं तर गाडी राहील. नाही जमलं तर सोमवारी टेम्पो परत आणायचा. बन्सीधरनं तेवढी मुभा ठेवली होती. शिवशंकरला गाडी हवीच होती, पण त्याहून जास्त हवी होती ती बापाची एक हाक. "शंकऱ्या" म्हणून कुणी ओरडत नाही म्हटल्यावर त्याला घर परक्याचं वाटायला लागलं होतं.

शनिवारी दुपारी मेंढपाळ बिरू दारात आला.

"शंकरभाऊ, तात्यांचा टेंपो कुटंय? घोडं लंगडायलंय. बिऱ्हाड हालवायचंय."

बिरूचा कळप सेलू रस्त्याला भगवानरावांच्या शेतात बसवायचा ठरला होता. मेंढ्यांनी रानात मुक्काम केला की जमिनीला खत मिळतं, मेंढपाळाला ज्वारी. दिवेलागणीच्या आत पोचतो, असा शब्द बिरूनं दिलेला. एरवी बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर जायचं, पण घोड्याच्या पायात काटा मोडलेला.

"टेंपो कशाला? ह्यो ट्रक हाय की!" शिवशंकरनं गाडीच्या टपावर थाप मारली.

बिरूनं गाडीच्या मागं जाऊन बघितलं. पुन्हा पुढं आला. "कुटं हाय?"

"अवो, हीच!"

बिरू भला माणूस. बिऱ्हाड आणायला वळला. सामान चढायला लागलं. भांडी, वाकळा, ज्वारीचं पोतं, मेंढ्या कोंडायची जाळी, जाळीच्या मेखा. सगळ्यात शेवटी अजून नीट चालता न येणारी कोकरं. एकेक वस्तू चढली की हौदा आणखी खाली बसायचा आणि गाडीचं तोंड आणखी वर जायचं. शिवशंकर स्टेअरिंगवर बसला तर समोर रस्ता नाहीच! लिंबाचा शेंडा आणि त्यावरचा कावळा तेवढा स्वच्छ दिसत होता.

परीक्षक म्हणून तात्याराव शेजारी बसले. मागच्या शिटावर बिरूची बायको बानूबाई, मांडीवर कोंबड्यांचं डालगं घेऊन.

"बानूबाई," तात्याराव समोर बघत म्हणाले, "त्याला इचारा, सेलूकडं जायचंय का आभाळात?"

"शंकरभाऊ, तात्या इचारायलेत..."

"ऐकलं मी!"

"तात्या, ऐकलं म्हणायलेत."

शिवशंकरनं दात-ओठ खाल्ले आणि काच खाली केली. "बिरूभाऊ, तुमी कळप घिऊन सावकाश या! आमी घटकाभरात सामान टाकून रिकामे!"

"अवो पर शंकरभाऊ, ती कोकरं..."

पण तोवर काच वर गेली होती, एसी सुरू झाला होता आणि गाणंही!

आता ह्या शहाण्याला कोण सांगणार? आयुष्यभर ह्यानं मेंढपाळांची बिऱ्हाडं दारावरून जाताना पाहिली. घोड्याच्या पाठीवरून डोकावणारी कोकरं पाहिली. ती तिथं का बसवतात, हे मात्र कधी मनात आलं नाही. कोकरू डोळ्यांपुढं असलं की आई मुकाट चालते, आणि आयांच्या मागं अख्खा कळप. घोडं मेंढराच्या चालीनं चालतं म्हणून हा कारभार गुण्यागोविंदानं होतो. इथं गाडी भुर्रकन सुटली, हौद्यातली कोकरं जिवाच्या आकांतानं ओरडली, आणि त्यांच्या आया उधळल्या!

शिवशंकरनं आरशात पाहिलं. रस्ता दिसेना. कुंपणापासून कुंपणापर्यंत नुसती मेंढरं! त्यांच्या मागं पटका हलवत, बोंब मारत पळणारा बिरू.

"बानूबाई, त्याला सांगा, थांब म्हणावं! गाभण मेंढ्या पळायल्यात!"

गाडी थांबली. मेंढ्यांनी गराडा घातला. दोघीतिघींनी हौद्यावर पाय लावले आणि नव्या रंगावर टरटर ओरखडे उठले. शिवशंकरच्या काळजावरच उठले म्हणा! त्यानं घाबरून गाडी हलवली, तर मेंढ्या पुन्हा सुसाट. थांबला, पुन्हा गराडा.

"शंकरभाऊ," बानूबाई शांतपणे म्हणाली, "आता चालीनंच चला. घोड्यावानी."

झालं! नवीकोरी गाडी पहिल्या गिअरमध्ये, मेंढराच्या चालीनं, भर उन्हात सेलू रस्त्याला लागली. थोड्याच वेळात इंजीन तापलं. एसी बंद करावा लागला. काचा उघडल्या तशी बाहेरची धूळ आत आली, पण आतला कोंबड्यांचा वास काही बाहेर जाईना. मागं कापसानं भरलेला एक ट्रक, त्यामागं एसटी, तिच्यामागं जीपगाड्या. सगळ्यांचे हॉर्न!

"ओ कारवाले!" ट्रकड्रायव्हर मान बाहेर काढून ओरडला. "मेंढरं आवरा की!"

शिवशंकरनंही मान बाहेर काढली. "कार न्हाई! ट्रक हाय ह्यो!"

ट्रकवाला इतका हसला, इतका हसला, की हॉर्न वाजवायचंच विसरला.

तेवढ्यात बिरूचं लंगडं घोडं, पाठ मोकळी असल्यानं खुशीत, खुडूक खुडूक करत बाजूनं आलं. खिडकीत एकदा डोकावलं आणि पुढं निघून गेलं!

"बानूबाई," तात्याराव म्हणाले, "त्याला इचारा, आत्ता कोण गेलं?"

"घोडं गेलं!" शिवशंकर किंचाळला. "दिसतंय मला! घोडं गेलं!"

"तात्या, घोडं गेलं म्हणायलेत."

पुढं कालव्याच्या पुलाचा चढ आला आणि गाडीनं हातपायच गाळले. शिवशंकर ॲक्सिलरेटर दाबतोय, इंजीन बोंबलतंय, पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरतायत, रबराचा वास सुटलाय, आणि गाडी आहे तिथंच!

"बानूबाई, त्याला सांगा," तात्यारावांचा आवाज चढला. "टेंपोला मागची चाकं ढकलत्यात. हिला पुढची चाकं ओढत्यात. वझं सगळं मागं! पुढची चाकं भुईला धड टेकंनात, तर ओढतील काय कपाळ?"

बानूबाईनं मनातल्या मनात जुळवून बघितलं. निरोप लांबलचक होता. "शंकरभाऊ, तात्या म्हणायलेत... कपाळ."

"आता करू काय मी?" शिवशंकरनं खरोखरच कपाळ बडवून घेतलं.

तात्याराव खाली उतरले. बिरूला हाक मारून ज्वारीचं पोतं हौद्यातून काढलं आणि आणून आदळलं ते थेट बॉनेटवर! ज्या बॉनेटला शिवशंकर रोज सकाळी पिवळं फडकं मारायचा, त्या बॉनेटवर! चाकं थोडी दबली, पण पुरेना. मग तात्यारावांनी चपला काढल्या, गाडीला हात जोडले आणि धोतर सावरत स्वतःच जाऊन पोत्यावर मांडी ठोकली.

"घाल गिअर!" ते समोरच्या रस्त्याला म्हणाले.

चाकांनी पकड घेतली. गाडी चढायला लागली! पुढं नवरदेवासारखे तात्याराव, मागं वऱ्हाड. अडचण एवढीच, की काचेतून आता शिवशंकरला बापाची पाठ सोडून काही म्हणजे काही दिसत नव्हतं. आणि बानूबाई बिचारी आत, मागच्या शिटावर. निरोप न्यायला मधे कुणीच उरलं नाही.

चढ संपला. उतार लागला. गाडी पळायला लागली. उताराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या मधोमध, ते घोडं पाय वर धरून उभं!

"शंकऱ्याऽऽ!" तात्यारावांनी काचेवर मूठ आपटली. "ब्रेक मार, गाढवा!"

शिवशंकरच्या अंगावर काटा आला. तात्या बोलले! शंकऱ्या म्हणाले! गाढवा म्हणाले! त्याचे डोळे भरून आले. ब्रेक राहिला बाजूला, त्यानं खिडकीतून मान काढून गहिवरून विचारलं, "काय म्हणालात तात्या?"

"ब्रेक! ब्रेक! ब्रेक! मुडद्या, ब्रेक!"

मग त्यानं ब्रेक मारला. गाडी थांबली, पोतं नाही थांबलं. पोतं घसरलं, पोत्यासकट तात्याराव घसरले आणि मांडी न मोडता घोड्याच्या पुढ्यात जाऊन बसले. घोड्यानं त्यांना हुंगलं. फुटलेल्या पोत्यातून ज्वारी सांडली आणि तिच्यावर अख्खा कळप तुटून पडला. बिरू आणि बानूबाई मेंढ्या हाकलता हाकलता बेजार!

शिवशंकर पांढराफटक पडून धावला. "तात्या, लागलं का?"

"लागलं असतं तर आधी तुला बुकललं असतं! चल, पोतं शिव!"

पुढच्या सगळ्या वाटेवर तात्याराव शेजारी बसून शिव्या देत होते. थेट, मधे कुणी नाही! क्लच कसा सोडावा इथपासून अक्कल कशी गहाण पडते इथपर्यंत. शिवशंकर घामानं भिजलेला, ओरखड्यांनी हळहळलेला, तरी प्रत्येक शिवी प्रसादासारखी घेत होता.

दिवेलागणीच्या जरा आधी गाडी भगवानरावांच्या शेतात शिरली, आणि गाडीसोबत कळपही! एकही मेंढरू मागं राहिलं नव्हतं. कोकरं उतरली आणि आयांना लुचायला लागली.

आता निकाल. शिवशंकर फडक्यानं ओरखडे पुसायला लागला.

"बिरू, खरं सांग," तात्याराव म्हणाले. "ह्या गाडीनं ट्रकाचं काम केलं का?"

बिरूनं डोकं खाजवलं. "ट्रकाचं मला काय ठाव, तात्या. पर घोड्याचं काम मातर लय झाक केलं बगा! घोडं बी ह्याच चालीनं येतंय."

"घोडं तापत न्हाई एवढं," बानूबाईनं सांगून टाकलं.

तात्यारावांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "शंकऱ्या, ऱ्हाऊ दी गाडी."

"तात्या!" शिवशंकर पाया पडायला वाकला.

"बिरूचं घोडं बरं हुईस्तोवर," तात्यारावांनी वाक्य पुरं केलं. "तवर बिऱ्हाड तूच हालवायचं."

सोमवारी बन्सीधरचा फोन आला तेव्हा शिवशंकर भगवानरावांच्या शेतात, काखेत कोंबड्यांचं डालगं धरून उभा होता. बिऱ्हाड शेजारच्या रानात न्यायचं होतं.

"शिवशंकरराव, टेंपोला गिऱ्हाईक आलंय. परत न्यायलाव का इकून टाकू?"

"चार दिस दम धरा, बन्सीधरशेठ. डॉक्टर काय म्हणतेत बगू, मग सांगतो."

"अरारा! कोण आजारी हाय? तात्या बरे हायेत ना?"

"तात्या ठणठणीत हायेत हो!" शिवशंकर कळवळून ओरडला. "घोडं! घोडं लंगडायलंय!"