सामंत सर आणि ओल्या मूर्तींचं वजन

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला चौथीतही जमलं नाही, शाळाही तिथेच सुटली. चुकांची माफी आधीच मागते. पण सामंत सरांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि त्यांना माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही.

हलणारी वस्तू दिसली की सर जागीच थांबत. पेणच्या आमच्या आळीत दोरीवरचं धोतर हललं, कोणाचा पाळणा कुरकुरला, की घड्याळ काढून हेलकावे मोजत. एकदा शेजारच्या म्हातारीची मान हलते तेही मोजलं. ती म्हणाली, "काय रे, बघतोस काय? लगीन जुळवतोस माझं?" सर म्हणाले, "आजी, मिनिटाला बहात्तर."

ते इंजिनिअरिंगच्या मुलांना गणित शिकवत. स्प्रिंगला वजन टांगून ओढून सोडलं तर ते कसं आणि किती वेळ हलेल, हे आधीच कागदावर काढायचं, असलं ते गणित. पालुपद एकच: "वजन किती, स्प्रिंग केवढी, आणि थांबवणारं काय?" समोरच्या खोलीत एकटेच राहत.

आमचा शाडूच्या गणपतींचा कारखाना. रोह्याचा एक दुकानदार दर वर्षी साठ मूर्ती घेई, त्यावर आमचं वर्ष निघे. पण पेंढ्यात ठेवूनही टेम्पोच्या हादऱ्यांनी दोन-चार मूर्ती फुटत. एका वर्षी सर म्हणाले, "हा तर माझाच धडा आहे." त्यांनी मूर्ती तोलल्या, टेम्पोत फळ्यांखाली स्प्रिंगा बसवल्या, भिंतीवर गेरूने समीकरण लिहिलं. त्यात एका फुलीच्या डोक्यावर दोन टिंबं होती. मला वाटलं गेरू उडाला, म्हणून पुसायला गेले. सर घाईने म्हणाले, "राहू द्या वहिनी, त्या टिंबांतच सगळा धक्का आहे."

टेम्पो रोह्याच्या वाटेवरच्या खांब गावी पोचेपर्यंतच अकरा मूर्ती फुटल्या. दुकानदाराने निरोप धाडला, पुढच्या वर्षी एक जरी फुटली तर माल दुसरीकडून घेईन. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, सरांना म्हणाले, "सर, पेंढ्यात दोन फुटत व्हत्या. तुमच्या गणितात अकरा."

सरांनी भरपाई द्यायचीच म्हटलं. आम्ही नको म्हणालो, पण ऐकेनात. दर एक तारखेला इस्त्रीचा शर्ट घालून पन्नास रुपये घेऊन येत. कपातला चहा किती हिंदकळतो ते बघत तासभर बसत. बोलणं त्या अकरा मूर्तींचंच. गणित बरोबर होतं, मग चुकलं कुठे?

मी परक्या माणसासमोर बोलत नाही. पण चौथ्या खेपेला दाराआडून विचारलंच. "सर, मूर्ती तोलल्या कधी? साच्यातून काढल्या त्याच दिवशी ना? तेव्हा शाडू ओला असतो. वाळून रंगेपर्यंत मूर्ती हलकी होते."

सरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे स्प्रिंगा जड मूर्तींच्या होत्या. हलक्या मूर्ती रस्त्याच्या तालात नाचल्या. वहिनी, वीस वर्षं मी मुलांना वजन देतोय. ते वाळतं, हे कधी सुचलं नाही."

"सुचंल कसं?" मालक म्हणाले. "तुमच्या पुस्तकात वजन लोखंडाचं आसल."

पुढच्या वर्षी मालक सरांना टेम्पोला हात लावू देईनात. "एक फुटली तर खायचं काय गो?" मी म्हणाले, "लावू द्या. मी सांगते म्हणून." रंग वाळल्यावर मी एकेक मूर्ती काट्यावर तोलून दिली. सरांनी स्प्रिंगा बदलल्या. थांबवणारं म्हणून मी पेंढ्याच्या गाद्या शिवल्या. सर स्वतः मागे मूर्तींत बसून गेले. संध्याकाळी परतले ते अंगभर पेंढा घेऊन.

"साठ," एवढंच म्हणाले. दुकानदाराने पुढच्या वर्षाचा विसारही धाडला होता.

पन्नास रुपये मात्र चालूच राहिले. होळीच्या आधी शेवटची खेप आली. नोट ठेवून सर बसले. चहा संपला तरी उठेनात. रिकामा कप बशीत फिरवत राहिले. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, की त्यांच्या पगाराला अकरा मूर्ती म्हणजे काहीच नव्हतं, सगळे पैसे एका महिन्यात देता आले असते.

मी बाहेर आले. म्हणाले, "सर, पुढच्या एक तारखेला येताना खारी आणा. चहाबरोबर घरात काही नसतं."

सरांनी खिशातून पेन्सिल काढली. "किती आणू?"

"तिघांना पुरेल एवढी."

त्यांनी ते लिहून घेतलं. मालकांनी वहीतल्या सरांच्या नावावर रेघ मारली. पैसे पुरते फिटले.