पुढच्या दोन डिस्क

गाडीच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही! हे मी नाही म्हणत, आमचा गॅरेजवाला म्हणतो. त्याच्या खिशात कायम नट खुळखुळत असतात, म्हणून सगळे त्याला नट्या म्हणतात. "त्याचं पोट तुझ्यावर चालतं, तो दुसरं काय म्हणणार?" असं माझी बायको म्हणते. पण बायकोला गाडीतलं काय कळतं?

माझी गाडी पिवळी, दोन सीटची, आणि जमिनीला इतकी चिकटलेली, की मी आत बसतोय की घसरून पडतोय हे शेजाऱ्यांना लवकर कळत नाही. इंजिन मी आणि नट्यानं असं काही ट्यून केलंय, की नुसता पाय टेकवला तरी उडी मारते. त्या भरात एक बारीकशी गोष्ट तेवढी राहून गेली होती. थांबणं! टेकडीवरून उतरताना दोन-तीन वळणं झाली की ब्रेक तापायचे, जळका वास सुटायचा आणि पायाखालचं पेडल लोण्यासारखं मऊ व्हायचं. तेव्हा नवे ब्रेक ही काही चैन नव्हती. जिवाचा प्रश्न होता!

पण बायकोची अट होती. मागे सायलेन्सर बदलला, तेव्हा पहिल्याच आवाजाला शेजारचं तान्हं बाळ जे रडायला लागलं, ते संध्याकाळी थांबलं. त्या दिवशी तिनं शांतपणे सांगितलं, "यापुढे या गाडीला एक जरी नवा पार्ट लावलास ना, की गाडी विकायची. कबूल?" मी कबूल म्हणून बसलो. आणि आमची बायको शब्दाची पक्की!

म्हणून मी बेत आखला. ब्रेकच्या डिस्क आणि पॅड असतात चाकाच्या आत. तिथं वाकून कोण बघतंय? गुपचूप बसवायचे, विषय संपला! मी बाल्कनीत गेलो आणि नट्याला फोन लावला. सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या आणि बाल्कनीच्या दारामागे कपड्यांच्या घड्या घालत होत्या, हे मला कुठे ठाऊक? त्यांना ऐकू गेलं ते फक्त माझं बोलणं. ते असं:

"हो रे, पुढच्या दोन डिस्क गेल्यातच जमा आहेत... भयंकर तापतात! मागच्या अजून चालतील... भोकं? नको नको, भोकं पाडली की पुढे तिथूनच तडे जातात. त्यापेक्षा चिरा मारलेल्या बऱ्या... काय, पॅडही लागणार? लागू दे की. आता लाजून काय करतोस!... हो, तू एकदा उघडून बघ, मग ठरवू... आणि हे बघ, बायकोला अजिबात कळता कामा नये. परस्पर उरकून टाकू!"

मी शीळ घालत आत आलो. सासूबाई माझा बनियन छातीशी धरून उभ्या होत्या. डोळ्यांत पाणी! "जावईबापू," त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी बसा." मग म्हणाल्या, "नको, बसूही नका. आडवे व्हा!"

मला काही उलगडा होईना. तेवढ्यात आतून बायको आली. "आई काय म्हणतेय? तुझ्या पाठीची डिस्क सरकलीय? ऑपरेशन करायचंय? आणि ते माझ्यापासून लपवून?"

तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. खरं सांगावं तर गाडी जाणार. न सांगावं तर पाठ जाणार. मी क्षणभर विचार केला आणि कमरेवर हात ठेवून म्हणालो, "तुला त्रास नको म्हणून बोललो नव्हतो गं."

"किती डिस्क?"

"पुढच्या दोन," मी बोलून गेलो.

"पुढच्या? पाठीला पुढचं काय असतं रे?"

"म्हणजे... वरच्या!"

"वरच्या. बरं." तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटलं, काळजीनं बघतेय. आहेच ती प्रेमळ!

मग घरात जे सुरू झालं ते विचारू नका! सासूबाईंनी माझी गादी काढून टाकली आणि कपाटातली लांब फळी आणून पलंगावर टाकली. फळीवर उशी नाही, कूस बदलायची नाही, हसायचं नाही. हसलं की पाठीवर ताण येतो म्हणे! मध्येच त्यांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं, "पॅड मोठ्या माणसांचेही मिळतात ना हो? कुठल्या मापाचे आणू?" मी भिंतीकडे तोंड केलं. कूस बदलल्याबद्दल लगेच ओरडा खाल्ला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे हजर! आमचे सासरे म्हणजे हयातभर लांब पल्ल्याची बस चालवलेला माणूस. निवृत्त झाले, पण हात शिवशिवायचे राहिले नाहीत. "ऑपरेशन-बिपरेशन नंतर. आधी मोठ्या हॉस्पिटलात दाखवू," ते म्हणाले. "चला, उठा!"

"टॅक्सी बोलवा ना, बाबा," मी फळीवरून म्हणालो.

"दारात गाडी असताना टॅक्सी कशाला?" असं कोण म्हणालं असेल? माझी बायको! चावीसुद्धा तिनंच काढून दिली. माझ्या गाडीची चावी! मी सोडून आजवर कुणाच्या बोटाला लागली नव्हती हो!

मला शेजारच्या सीटवर उतरवलं. सासऱ्यांनी आरसे नीट केले, स्टिअरिंगला नमस्कार केला आणि स्वस्थ बसून राहिले.

"काय झालं, बाबा?"

"बेल द्या की!"

"कसली बेल?"

"डबल बेल! त्याशिवाय माझा पाय उठत नाही."

मी डॅशबोर्डवर दोनदा टकटक केलं. सासऱ्यांनी बसच्या सवयीनं पेडल पार तळापर्यंत दाबलं, आणि आम्ही गेलो! घर गेलं, दूधवाला गेला, कोपऱ्यावरचं दुकान गेलं. "अरे वा! अरे वा!" सासरे ओरडत होते. त्यांचे पांढरे केस उभे राहिले होते आणि चेहरा शाळा सुटलेल्या पोरासारखा झाला होता. हॉस्पिटल टेकडीच्या पायथ्याशी. पहिलं वळण झालं. दुसरं झालं. मला ओळखीचा वास आला.

"बाबा, ब्रेक जपून!"

"कुठेयत ब्रेक?" सासरे दोन्ही पायांनी पेडलवर जवळजवळ उभे राहिले. "जावईबापू, अहो खाली काहीच नाही!"

समोर हॉस्पिटलचं फाटक, फाटकात खुर्ची, खुर्चीत पेपर वाचणारा वॉचमन! मी पाठ विसरलो, नाटक विसरलो, वळून दोन्ही हातांनी हँडब्रेकवर झडप घातली. गाडी किंचाळली, गर्रकन फिरली आणि मेंदीच्या कुंपणात नाक खुपसून थांबली. वॉचमननं पेपरचं पान उलटलं. आणि माझ्या कमरेत 'कट्ट' असा आवाज झाला.

"आई गं!" हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

मागोमाग टॅक्सीनं बायको आणि सासूबाई पोचल्या. डॉक्टरांनी फोटो काढले, दाबून बघितलं, मी प्रत्येक वेळी मनापासून ओरडलो. "डिस्क एकदम ठणठणीत आहेत," डॉक्टर म्हणाले. संपलं! आता सगळं बाहेर येणार!

"बघा!" सासूबाईंनी टाळी वाजवली. "एका रात्रीत! फळीचा गुण आहे हा!"

बायको खिडकीबाहेर बघत होती. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, बिचारी आनंदानं रडतेय.

"स्नायू मात्र चांगलाच धरलाय," डॉक्टर पुढे म्हणाले. "कमरेला पट्टा बांधा. आणि मी सांगेपर्यंत स्टिअरिंगला हात लावायचा नाही."

घरी आल्यावर सासऱ्यांनी बैठकच घेतली. "वाघाचं इंजिन आणि त्याला सायकलचे ब्रेक? हा काय प्रकार आहे? उद्याच्या उद्या चांगले ब्रेक बसवायचे!"

"पण बाबा," मी पट्ट्याच्या आतून हळूच म्हणालो, "हिची अट आहे. नवा पार्ट लावला की गाडी विकायची."

"अट तुम्हाला आहे, मला कुठे आहे? काय गं?"

"तुम्हाला नाही, बाबा," बायको गोड आवाजात म्हणाली.

नट्या घरी आला. सासऱ्यांनी त्याला मोठ्या डिस्क, डिस्कला चिमटीत धरणारे भक्कम कॅलिपर, चांगल्यातले पॅड सगळं सांगितलं. पॅड म्हटल्यावर सासूबाई दचकल्या, पण 'गाडीचे' कळल्यावर गप्प बसल्या. भोकांच्या डिस्क घ्याव्यात की चिरांच्या, यावर सासरे आणि नट्या तावातावानं भांडले, आणि मी, ज्यानं या विषयाचा कीस पाडला होता, तो फळीवर पडून छताकडे बघत होतो. नट्यानं मला डोळा मारला. मी मारला नाही. चेहऱ्याचे स्नायू हलवायचीही धास्ती वाटत होती!

ब्रेक बसले. काय ब्रेक आहेत म्हणून सांगू! टेकडीवरून कितीही वेळा उतरा, पेडल दगडासारखं घट्ट! मला हवे होते अगदी तसेच. आता रोज संध्याकाळी सासरे मला 'हवा खायला' नेतात. ते चालवतात, मी शेजारी पट्टा बांधून बसतो आणि वळण आलं की माझाही उजवा पाय रिकाम्या जागी दाबत राहतो. सासरे आता परत जायचं नावच काढत नाहीत. घरात सगळे खूश आहेत. तसा मीही आहे.

काल मला सीटवर उतरवताना बायको खिडकीशी वाकली. पाठीमागे छोटी उशी सरकवली, पट्टा नीट केला आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "काय रे, शेवटी काय घेतलंत? भोकं की चिरा?"

मी मान वर करून बघितलं. ती हसत होती. म्हणजे बाल्कनीच्या दिवशीच हिला... म्हणजे ती चावी...

"चिरा," मी म्हणालो.

"बरं केलंत. भोकांना तडे जातात ना!"

"जावईबापू," पलीकडून सासरे गरजले, "बेल द्या!"

मी मुकाट्यानं दोनदा टकटक केलं.