हवालदार नानांचा गोठ्यातला गोल्फ

हवालदार नाना कॉम्प्युटरचे दात मोजायचे. दात म्हणजे कीबोर्डावरची बटणं. नगरच्या दुकानातल्या गारव्यात, टाय लावलेला विक्रेता समोर उभा असताना, हा सहा फुटी गडी वाकून एकेका बटणावर बोट ठेवत जायचा आणि शेवटी समाधानानं मान हलवून म्हणायचा, "दात पुरं हायती. आता खोड सांगा."

"मॉडेल कोड का सर?" विक्रेता लगेच एक लांबलचक आकडा म्हणायला लागायचा.

"कोड न्हाई, खोड! खोड!"

नानांनी आयुष्यात जी काही शहाणपणाची खरेदी केली ती घोडेगावच्या जनावरांच्या बाजारात. तिथं विकणाऱ्यानं बैलाची खोड आधी सांगायची असते. मारका आहे, औताला बसतो, दावं तोडतो, जे असेल ते. खोड लपवून विकलेलं जनावर परत घ्यावं लागतं आणि चारचौघांत तोंडही काळं होतं. जो नियम बैलाला तोच कॉम्प्युटरला, यात काय चुकलं हे नानांना आजतागायत कोणी पटवून देऊ शकलेलं नाही.

आता कोल्हारच्या बागायतदाराला कॉम्प्युटर कशाला हवा, तर गोल्फ खेळायला. हसू नका. आधी मीही हसलो होतो.

फौजेत असताना एका साहेबानं नानांना आपल्या काठ्यांची पिशवी उचलायला नेलं, आणि पिशवी उचलता उचलता नानांना खेळाची चटक लागली. पेन्शनीत आल्यावर गावात लोक पारावर बसतात, सोसायटीच्या निवडणुकीत पडतात. नाना पहाटेच्या एसटीनं नगरला जायचे, लष्कराच्या मैदानावर जुन्या ओळखीनं चार चेंडू मारायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. मैदान नसेल त्या दिवशी शेतात. त्यांचे निम्मे चेंडू उसात गेले. तोडणीच्या वेळी टोळीचा मुकादम ओंजळभर पांढरे चेंडू घेऊन दारात आला आणि म्हणाला, "नाना, उसात लांडोर बसिवलीय का? अंडी लई घट हायती."

गाव हसलं. काकी मात्र हसल्या नाहीत. नानांच्या पत्नी पार्वतीकाकींचं म्हणणं सरळ होतं. त्यांनी एक दिवस लोखंडी ट्रंक भरून ओट्यावर आणून ठेवली. "उभी नोकरी भाईर काढली. आता पेन्शन झाली तरी मानूस घरात न्हाई म्हंजी काय? तो चेंडू घरात मारा, न्हाईतर मी सोनईला भावाकडं चालले." काकी बोलतील ते करणाऱ्या. भावाला निरोपही गेला होता.

तिसऱ्या दिवशी नाना माझ्या दारात उभे. साखर कारखान्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर आल्यापासून, आणि तो मला चालवता येतो म्हणून, पंचक्रोशीत मी त्या विषयातला तज्ज्ञ समजला जायचो. ही समजूत मोडायची मी कधी घाई केली नाही.

"भाऊसाहेब, पुन्याला एका साहेबाचा पोरगा कॉम्प्युटरवर गोल्फ खेळतो म्हनं. खरं का?"

"खरं आहे. गेम असतो तसा."

"मंग चला नगरला. ट्रंक अजून वट्यावरच हाय."

पहिल्या दुकानात नाना कॉम्प्युटरभोवती एक फेरी मारून मागच्या बाजूला गेले. त्याच्या पाठीवर तळहात ठेवला. "अंग गरम लागतंय," असं मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले. मग दात मोजले, खोड विचारली. विक्रेता छाती काढून म्हणाला, "एकही खोड नाही सर. लेटेस्ट आहे." नाना उठले आणि चपला घालून थेट रस्त्यावर. "खोड न्हाई म्हननारा एकतर जनावर वळखत न्हाई, न्हाईतर गिऱ्हाइकाला बैल समजतो."

दुसऱ्या दुकानात भावापर्यंत मजल गेली. नानांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, विक्रेत्याचा हात धरला आणि उपरण्याखाली त्याची बोटं चेपायला सुरुवात केली. बाजारात भाव असाच होतो, मुक्यानं, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. त्या पोराला मात्र काय वाटलं कोण जाणे. तो पांढराफटक पडला आणि, "काका, सोडा ना, आमच्याकडे फिक्स रेट आहे," असं रडकुंडीला येऊन म्हणाला. तेही दुकान गेलं. मी नानांना म्हटलं, "असंच चाललं तर कॉम्प्युटरच्या आधी माझं डोकं बंद पडेल."

"पडू द्या. बैल घेताना घाई केली तर उभ्या जल्माचं औत बिघडतं."

तिसरं दुकान एका अरुंद जिन्यावर होतं. साळवे नावाच्या इंजिनियर बाई ते चालवत होत्या. टेबलावर एक यंत्र उघडं पडलेलं आणि त्यांच्या हातात स्क्रूड्रायव्हर. नानांनी दात मोजले. बाई शांतपणे मोजू देत होत्या. मग खोड.

"आहे ना," बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात तापतो. धूळ अजिबात खपत नाही. आणि लाइट गेली की केलेलं सगळं विसरतो."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू सगळा बाजार पालथा घातल्यावर आता कुठं माणूस भेटलं. ते खुर्ची ओढून बसले.

"आता मी विचारते," बाई म्हणाल्या. "वापरणार कोण?"

"मी मारनार. आमच्या घरातली घोडा दाबनार."

घोडा म्हणजे माऊस. बंदुकीचा घोडा दाबावा तसा तो दाबायचा असतो, म्हणून. मग नानांनी बेत सांगितला. बैल विकल्यापासून गोठा रिकामा होता. एका भिंतीवर बारदानाचा जाड पडदा लावायचा, त्यावर खडूनं चौकोन आखायचे. नानांनी चेंडू पडद्यावर मारायचा. तो कुठल्या चौकोनात लागला ते काकींनी बघायचं आणि कॉम्प्युटरवर तिकडं नेम धरून घोडा दाबायचा, की कॉम्प्युटरमधला चेंडू उडाला.

बाईंनी हसू दाबलं की नाही ते मला दिसलं नाही. मी मात्र आता तज्ज्ञपण दाखवायची संधी साधली. "पेंटियम घ्या नाना. वेगवान पाहिजे. गोल्फला वेग लागतो."

"काकींना चष्मा आहे का?" बाईंनी विचारलं.

"हाय, पन लावती कुठं? डब्यात ठिवती."

"मग पेंटियम राहू द्या. त्याच्या आधीचा, स्वस्तातला चार-शहाऐंशी घ्या आणि वाचलेल्या पैशांत कॉम्प्युटरचा पडदा मोठा घ्या. चेंडू जरा सावकाश उडेल, पण त्यांना बिनचष्म्याचा दिसेल. आणि स्पीकर घ्या. चेंडू भोकात पडला की आवाज झाला पाहिजे."

नानांनी क्षणभरही विचार केला नाही. "तेच बांधा." खांद्यावरचं उपरणं त्यांनी सवयीनं काढलं, बाईंकडं पाहिलं आणि पुन्हा घडी घालून खांद्यावर टाकलं. "लेकीसंगं घासाघीस न्हाई. तुमी म्हनाल ते." माझी पेंटियमची सूचना कोणी नाकारलीसुद्धा नाही, तिची नुसती दखल घेतली गेली नाही. थोडं लागलं मनाला, खोटं कशाला बोलू!

कॉम्प्युटर टेम्पोनं कोल्हारला आला. काकींनी त्याला कुंकू लावलं, वर धूळ बसू नये म्हणून जुन्या लुगड्याचं झाकण शिवलं, आणि नाना मारतात कसा ते बघायला बसल्या. पहिल्या आठवड्यात गावातल्या निम्म्या लोकांनी गोठ्यात हजेरी लावली. दुसऱ्या आठवड्यात ते कंटाळले. काकी कंटाळल्या नाहीत. ट्रंक केव्हा आत गेली ते मला माहीत नाही, पण एक दिवस ओट्यावर कुरडया वाळत होत्या.

काकींइतकी कडक पंच मी कुठल्याच खेळात पाहिली नाही. चेंडू खालच्या चौकोनात लागला की कॉम्प्युटरमधल्या तळ्यात, आणि काकींच्या लेखी ते तळं म्हणजे गावची प्रवरा नदी. "घातला परवरंत! कालबी तिथंच घातला. डोळं मिटून मारता का?" वाळूत गेला की, "बसा आता उकरत." नाना रडीचा डाव खेळायला बघायचे. "अगं, रेघंवर लागला." काकी उठून पडद्यापाशी जायच्या, बारदानावर उठलेला वळ बोटानं दाखवायच्या आणि परत येऊन बसायच्या. हवालदार निमूटपणे दंडाचा फटका मारायचे.

एकदा पुण्याला गेलो असताना रद्दीच्या दुकानात एक इंग्रजी मासिक हाती लागलं आणि मी उडालोच. परदेशात अशी एक चटई निघाली होती की चेंडू कसा सुटला ते तिचं तिलाच कळतं. कॉम्प्युटरला जोडली की झालं, मधे माणूस लागतच नाही. पेंटियमच्या वेळचा अपमान भरून काढायची ही नामी संधी. मी मासिक घेऊन थेट गोठ्यात गेलो. काकी चहा टाकायला आत गेल्या होत्या.

"नाना, हे बघा! ही चटई टाकली की तुम्ही नुसतं मारत राहायचं. काकींना इथं बसायचं कामच नाही!"

नानांनी चित्र पाहिलं. लांब धरून पाहिलं, जवळ धरून पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडं एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"भाऊसाहेब, हे हिच्या कानावर घालू नका."

"का? सोयच आहे की."

"सोय कुनाला पायजे?" काठी टेकवून ते दावणीवर बसले. "आमचं लगीन झालं न् आठवड्यात मी गेल्तो. फुडं दरसाली सुट्टीवर यायचो. आलो की गोडाधोडाचं. मला बसायला घोंगडी, पोरांना दटावनी, आवाज करू नगा, ते आल्यात. सुट्टीवर आलेल्या मान्सावर कुनी रागवत न्हाई वो. पावना हुतो मी माझ्या घरात. पेन्शनीत आलो तरी ही ताट वाढायची न् भिंतीकडं तोंड करून उभी ऱ्हायाची. काय बोलावं तिला सुधरंना, मला सुधरंना. म्हनून तर पळायचो नगरला. मला काय त्या चेंडवाचं एवढं पडलं हुतं व्हय?"

मी त्यांच्या हातातून मासिक घेतलं आणि मिटलं.

"आता रोज सकाळी मला शिव्या घालती," नाना म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि मिशीतल्या मिशीत ते हसतही होते. "लई ग्वाड वाटतं."

काकी चहा घेऊन आल्या. माझ्या हातात बशी दिली, पदराला हात पुसले आणि आपल्या जागेवर जाऊन बसल्या. मी मासिक मांडीखाली सरकवलं. नाना उठले, पाय रोवले, बराच वेळ नेम धरला आणि चेंडू थेट कौलावर मारला.

"आवं, ही काय तऱ्हा झाली?" काकी कडाडल्या. "सरळ उभं ऱ्हाता येत न्हाई का? या हिकडं, मी दावते."