आधी गोळी, मंग चुडी

समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला माल नाकारणारा व्यापारी मी आयुष्यात एकच पाहिला. हसनभाई मनियार. नागभीडच्या आसपासच्या खेड्यांतून सायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधून ते बांगड्या भरत फिरायचे आणि बाजाराच्या दिवशी आमच्या आरोग्य केंद्रासमोर चिंचेखाली बसायचे. गोळ्या चालू असलेली एखादी बाई बसून हात पुढे करी, तर हसनभाई तिच्या हाताऐवजी पाण्याचा गडू उचलून तिच्यापुढे धरत.

"आधी गोळी, मंग चुडी."

"खाल्ली ना भाऊ सकाळी."

"कोणं पाह्यलं? पुडी दाखव."

पुडीत दोन गोळ्या जास्त निघाल्या की पेटीचं झाकण खाडकन बंद. बाईने कितीही आदळआपट करो, दुसऱ्या मनियाराकडे जाईन म्हणो, हसनभाई शांतपणे पान लावत बसायचे. दुसरा मनियार थेट ब्रह्मपुरीला होता, हे दोघांनाही ठाऊक असायचं.

ही गोष्ट नव्वदच्या दशकातली. मी त्या केंद्रात औषधं वाटायला होतो. वर्ध्याकडचा माणूस, नवी नोकरी, नियमांचा मोठा अभिमान. आणि हा बांगडीवाला माझ्या खिडकीत डोकं घालून मला सांगणार, "साहेब, पांढऱ्या गोळ्या सरत आल्या तुमच्या, चंद्रपूरले चिठ्ठी धाडा." मला राग यायचा. राग जास्त याचा यायचा, की ते बरोबर असायचं.

पांढऱ्या गोळ्या म्हणजे मिरगीच्या, फेफऱ्याच्या. चंद्रपूरहून महिन्यातून एकदा डोक्याचे डॉक्टर येत. मी येण्याआधी त्यांच्यापुढे चार-दोन माणसं असायची म्हणे. आता रांग चिंचेपर्यंत जायची आणि रांगेतल्या निम्म्या बाया हसनभाईंनी धाडलेल्या असायच्या. या माणसाला कोणाला काय दुखणं आहे ते कळतं कसं, असं डॉक्टरांनी एकदा विचारलं.

"हातावर लिहून असते, साहेब," हसनभाई म्हणाले. "दिवसभर बायाइचे हातच पाह्यतो मी. मनगटावर भाजल्याचा डाग दिसला का इचारतो, कायचा डाग हाय? चुलीचा म्हणते. एक डाग असला तं चुलीचा. चार असले तं चूल काय रोज अंगावर येते का? अन् जिच्या चुड्या महिन्यात तीनदा फुटते, तिले तं मी धाडतोच. नवरा मारत असन तं ठाण्यात, नाई तं तुमच्याकडे."

औषधाची मात्रासुद्धा ते बांगडीच्या मापाने सांगत. "साहेब, हिले औषध सैल होऊन राह्यलं, हप्त्यात दोनदा पडली." किंवा, "हिले घट्ट झालं. दिवसभर पेंगते, परवा भात करपवला." डॉक्टर सुरुवातीला हसायचे. नंतर नंतर तेच विचारू लागले, "काय हसनभाई, हिचं माप काय म्हणता? सव्वादोन की अडीच?" मी रजिस्टरवर डोकं खुपसून बसायचो, कारण माझ्या रकान्यांत हे कुठेच बसत नव्हतं.

कोणाला झटका आला की लोक आधी नाकाला जोडा लावायचे. एकदा भर बाजारात एक पोरगी पडली आणि चार जण चप्पल काढून धावले. हसनभाईंनी पेटी तशीच सोडली, तिला कुशीवर केलं, डोक्याखाली आपला गमछा ठेवला आणि त्या चौघांवर ओरडले, "जोड्याच्या वासानं मिरगी गेली असती तं माह्या एकल्या जोड्यानं आर्धा तालुका बरा केला असता! सरका, हवा येऊ द्या!" त्या गडबडीत एक बैल पेटीवर पाय देऊन गेला. हसनभाईंनी फुटलेल्या बांगड्या गोळा केल्या आणि पोरीच्या बापाला म्हणाले, "बुधवारी डॉक्टर येते. तू नाई आला तं मी तुह्या घरी येतो."

त्या पोरीचं नाव वनिता.

वनिताचे झटके सहा महिन्यांत थांबले, दोन वर्षांनी तिचं लग्न ठरलं. हसनभाईंची लग्नाच्या चुड्याची एक वेगळीच अट होती. नवरदेवाला सगळं सांगितल्याशिवाय ते चुडा भरत नसत. बाप घाबरत होता, म्हणून हे स्वतः सायकल हाणत मुलाच्या गावी गेले. मुलगा धानाच्या बांधीत, शेतात काम करत होता. ऐकून घेऊन म्हणाला, "सांगतलं ते बरं केलं, चाचा. गोळी कवा द्याची तेवढं सांगा." हसनभाई परत आले ते थेट माझ्या खिडकीत आणि त्यांनी मला पान खाऊ घातलं. मी पान खात नाही, पण त्या दिवशी खाल्लं.

आणि मग घात केला तो वनिताच्या आत्याने. हळद लागली, आता नवरीच्या पोटात पाच दिवस कडू काही जाणार नाही, असा तिने हुकूम काढला. मी हळदीला गेलो होतो. गोळी चुकली तर मांडवातच पोरगी पडेल, हे मी नियमानुसार, पुस्तकातल्या भाषेत समजावून सांगितलं. आत्याने मला जेवायला बसवलं.

तेवढ्यात पेटी घेऊन हसनभाई आले. सगळं ऐकलं, मान डोलावली.

"बरोबर हाय बाई तुमचं. कडू नाई चालत. गोड तं चालते ना?"

"गोडाले कोण नाई म्हणते?"

"मंग मनियाराचा बताशा कुठी हाय? बताशा खाल्ल्याबगर चुडा भरला तं पिचकते. तुमच्या वक्ती नोता का?"

आत्याला आपल्याला रीत माहीत नाही असं म्हणणं परवडणार नव्हतं. "होता ना! काऊन नोता?" ती म्हणाली. हसनभाईंनी मागे वळून बताश्याला तळाकडून भोक पाडलं, त्यात गोळी दडवली आणि वनिताला दिला. वनिताला सगळं कळलं होतं. तिने तो न चावता तोंडात विरघळवला, गोळी गिळली आणि हात पुढे केला. जाताना त्यांनी आणखी चार भरलेले बताशे आत्याच्याच ओटीत टाकले. रोज सांजेला एक, चुकला तर चुडा गेला. आत्याने एकही चुकवला नाही.

पुढच्या वर्षी त्या भागातल्या प्रत्येक नवरीला मनियाराचा बताशा लागू लागला. हसनभाईंच्या पेटीला मुंग्या लागल्या.

एवढ्या बायांचे हात भरणाऱ्या या माणसाच्या घरात मात्र त्यांच्या बायकोचे, जुबेदाभाभींचे, हात रिकामे होते. काचेची सोडा, प्लास्टिकची बांगडी नाही. बाजारातल्या बाया हसायच्या. दिव्याखाली अंधार म्हणायच्या. मीही एकदा हसलो होतो, त्याची आता लाज वाटते.

लग्नानंतर वर्षभराने वनिता माहेरी आली, ती बाजारात चिंचेखाली येऊन बसली. हसनभाईंनी तिचे दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले. "दोन कमी हाय."

"म्हशीनं फोडल्या, चाचा."

"झटक्यानं?"

"एकबी नाई."

ते उठले. बाजार भरात होता, पण पेटी बंद केली आणि म्हणाले, "चाल. साहेब, तुमीबी चाला." आम्ही मागून त्यांच्या घरी गेलो. भाभी ओसरीत तांदूळ निवडत होत्या. हसनभाईंनी वनिताचा हात त्यांच्यापुढे धरला. "देखो. एक साल. चूल पे खाना पकाती, धान की रोवणी करती."

भाभींनी त्या बांगड्यांवरून बोट फिरवलं, तेव्हा त्यांचा पदर सरकला आणि मला त्यांचं मनगट दिसलं. भाजल्याचे चार डाग होते आणि त्यांच्यामधून काच घुसल्याची लांब पांढरी रेघ. लग्नाचा चुडा हातात असताना झटका येऊन त्या चुलीत पडल्या होत्या. त्या काळी गोळी असते हेच कोणाला माहीत नव्हतं, हसनभाई दर्गे फिरले, ताईत बांधले. पुढे गोळी मिळाली, सहा वर्षांत एक झटका नाही, पण काचेची भीती गेली नव्हती. रोज त्या गोळी घेत, मग हसनभाई जांभळ्या सव्वादोनच्या बांगड्यांचा डबा उघडत आणि त्या म्हणत, "कल देखेंगे." ते डबा बंद करत. सहा वर्षं. हे मला हसनभाईंनी कधीच सांगितलं नव्हतं, त्या दिवशी भाभींनीच वनिताला सांगितलं.

सांगून झाल्यावर त्यांनी सूप बाजूला सारलं आणि हात पुढे केला.

हसनभाईंनी डबा आणला. हातोहात डझनभर बांगड्या चढवणारा तो माणूस, पण भाभींचा हात न चोळता, न दाबताच त्याने घाई केली. पहिलीच बांगडी मनगटाशी येऊन कट्टकन फुटली. आम्ही सगळे दचकलो. हसनभाईंनी डब्याचं झाकण लावायला घेतलं.

भाभींनी तुकडे झटकले आणि खळखळून हसल्या.

"ये तो तुमने तोडी," त्या म्हणाल्या. "दुसरी निकालो."