पालक कोण, पाल्य कोण

एकतीस वर्षं मी नाशिक रोडच्या प्रेसमध्ये छापील कागद तपासले. टिंबाएवढी चूकही माझ्या नजरेतून सुटायची नाही! त्यामुळे धाकट्या भावाच्या, गोरक्षच्या कायदेशीर पालकत्वाचा अर्ज मीच भरणार, असं मी घरात जाहीर करून टाकलं.

गोरक्ष एकेचाळीस वर्षांचा, पण समज सात-आठ वर्षांच्या मुलाची. आमच्या आईला, लंकाबाईला, त्याचाच घोर. "मी गेल्यावर याच्यासाठी सही कोण करंल? कागद झाला म्हंजे मी सुटले."

"पाठवण्याआधी एकदा मला वाचून दाखवा," बायको म्हणाली.

"उज्वला, चूक? आणि माझ्या हातून?"

अर्ज कलेक्टर कचेरीत गेला.

पंधरा दिवसांनी पालकत्व ठरवणाऱ्या समितीच्या तेजस्विनी मॅडम घर बघायला आल्या. गोरक्षने दार उघडलं, पाणी दिलं आणि आत गेला. मॅडम माझ्याजवळ सरकल्या आणि एकेक शब्द सुटा करत मोठ्याने म्हणाल्या, "दीपकदादा, जेवलात? घरात कुणी रागावतं का तुम्हाला?"

सरकारी माणूस इतक्या आपुलकीने बोलतंय! मी भारावलोच. "रागावते ना. ही!"

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि उज्वलाकडे वळल्या. "हे स्वतःचे निर्णय स्वतः घेतात?"

"छे हो! मेथी आणू की शेपू, हे बाजारातून फोन करून विचारतात."

"स्वतःच्या वस्तू सांभाळतात?"

"चष्मा कपाळावर असतो आणि शोधतात घरभर!"

"हे लहानपणापासून?"

"पहिल्यापासून," आईने मान डोलावली. "पण स्वभावानं लय गरीब हाय."

तेवढ्यात गोरक्ष माझी बीपीची गोळी घेऊन आला. "दादा, तोंड उघड." रोजच्या सवयीने मी उघडलं. मॅडमच्या डोळ्यांत पाणी! "असा पालक मिळायला भाग्य लागतं."

"अहो, पालक मी आहे!"

"हो हो, तुम्हीच," म्हणत त्यांनी माझा हात थोपटला.

आता मात्र मी त्यांच्या हातातला अर्ज ओढूनच घेतला. माझ्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: पालक, गोरक्ष. पाल्य, दीपक!

उज्वला पदर तोंडाला लावून हसत सुटली. आई हसली नाही. "म्हंजे कागद नाय होणार?" तिने इतक्या बारीक आवाजात विचारलं, की मला माझी लाज वाटली.

झाला! नवा अर्ज उज्वलाने तीनदा मोठ्याने वाचला. मॅडमनी गोरक्षला विचारलं, "दादा तुमचे पालक झाले तर चालेल?"

त्याने बराच विचार केला. "चालेल. पण गोळी मीच देणार."

गेल्या महिन्यात प्रमाणपत्र आलं. आईने ते तीनदा कपाळाला लावलं आणि पेटीत ठेवलं. मॅडमनी परत केलेला जुना अर्ज मी फाडायला घेतला, तर तिने माझा हात धरला.

"राहू दे तो. गोरक्षची काळजी मिटली रं. आता मी गेल्यावर तुझ्याकडं कोण बघंल?"